रिकामी गिरणी चालवत नाहीत

माझा हात गिरणीत मोडला नाही. तो कळंबच्या समुद्रावर, सोसायटीच्या महिला मंडळाच्या सहलीत, संगीत खुर्ची खेळताना मोडला. गाणं थांबलं, खुर्ची एकच उरली होती, सी विंगच्या वहिनी आणि मी एकदमच बसलो, आणि वहिनी माझ्यापेक्षा बऱ्याच भारदस्त आहेत. एवढंच झालं. पण पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईच्या हाताला प्लास्टर दिसलं की लोक आपापलं ठरवून मोकळे होतात. "पट्ट्यात गेला ना हात? अरे देवा!" असं म्हणून जो तो हळहळायचा, आणि मीही सुस्कारा सोडून "चालायचंच" म्हणायचे. खरं काय ते आमच्या ह्यांना आणि सी विंगला ठाऊक होतं, आणि सी विंगला बोलायला तोंड नव्हतं.

प्लास्टर, मग पट्टी, मग तो रबरी चेंडू दाबत बसण्याचा व्यायाम, असं करत पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळीही गेली. इतके महिने गिरणीचं शटर खाली होतं. सुरुवातीला मला घरात करमेना. सकाळी उठून काय करायचं तेच कळेना. नंतर कळायला लागलं. उठायचंच नाही! दुपारचं जेवण झालं की आडवं व्हायचं, चार वाजता उठून चहा घ्यायचा आणि जिच्या सुनेचं कारस्थान संपता संपत नाही अशी एखादी मालिका बघायची. हात बरा झाला तेव्हा त्या सुनेचं काय होणार याची मला गिरणीपेक्षा जास्त काळजी होती.

गिरणी माझी आहे हे आधी सांगते, कारण पुष्कळांना ती ह्यांची वाटते. मी लग्न होऊन कोकणातून वसईला आले तेव्हा बिल्डिंगमध्ये "दोनशे चारच्या वहिनी" याखेरीज मला काही ओळख नव्हती. हे पहाटे मुंबईच्या कचेरीत जायचे ते रात्री यायचे. मग स्टेशनकडून गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एका गल्लीत गाळा मिळाला. गल्लीच्या एका अंगाला आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांच्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या केळीच्या, फुलांच्या वाड्या. तिथे मी गिरणी टाकली, पुढे शेजारीच मसाल्याचं कांडपही बसवलं, आणि हळूहळू अख्ख्या गल्लीची "गिरणीवाली काकी" झाले. कुणाकडे सून आली, कुणाचा मुलगा परदेशी गेला, कुणाला डॉक्टरांनी गहू बंद केला, हे मला त्या घरच्या डब्यावरून कळायचं. गिरणी गेली असती तर मी काही उपाशी मेले नसते. पण मला पुन्हा दोनशे चार व्हायचं नव्हतं.

दिवाळीनंतर शटर वर केलं तेव्हा पहिले काही दिवस तोबा गर्दी झाली. सगळ्या जणी हात बघायला आल्या होत्या. कुणी मनगट दाबून बघितलं, कुणी एरंडेल तेल सांगितलं, कुणी आपल्या नणंदेच्या मोडलेल्या पायाची पहिल्यापासून हकिकत सांगितली. दळण मात्र कुणीच आणलं नव्हतं. एवढ्या महिन्यांत कुणाला पाकिटातल्या पिठाची सवय लागली होती, कुणी स्टेशनपलीकडची गिरणी धरली होती, आणि ए विंगमधल्या एकीने तर घरघंटीच घेतली होती, तीही मला न विचारता. माझा हात बघून त्या हात हलवत परत गेल्या.

अशा वेळी आमचे हे मदतीला धावले. हे नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर मोबाइलवर उद्योगधंद्याची उत्पादकता कशी वाढवावी याचे व्हिडिओ बघायचे. ज्या माणसाने अख्ख्या नोकरीत टेबलावरचा कागद घाईघाईने पुढे सरकवला नाही, त्याला आता माझ्या गिरणीत कार्यक्षमता आणायची होती. "तुझ्याकडे सिस्टीम नाही," हे म्हणाले. "कोण पहिलं, कोण दुसरं, काही नियमच नाही. सगळा गोंधळ."

दुसऱ्या दिवशी हे पुठ्ठ्याची टोकनं कापून घेऊन आले. वर भिंतीला एक पाटी: "टोकन घेतल्याशिवाय दळण स्वीकारले जाणार नाही." खाली स्वाक्षरी करायची तेवढी राहिली होती.

आता गिरणीत नियम नसतो असं कोण म्हणालं? असतो, फक्त तो लिहिलेला नसतो. गिरणीत पाय ठेवणारी कुठलीही बाई पहिला प्रश्न विचारते, "माझ्या आधी काय होतं?" आधी गहू असेल तर ती गव्हाचा डबा पुढे करते. आधी नाचणी असेल तर ती मागे सरते, कारण आधीच्या दळणाचं थोडं पीठ जात्यात राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. मग बायका आपसातच लावून घेतात. गहूवाल्या एकीमागे एक, मग तांदूळ, मग ज्वारी-बाजरी, नाचणीवाली बिचारी शेवटी. ती तोवर बाकावर बसून सगळ्यांची खबर घेते आणि उशीर झाल्याची तक्रार करते, पण घरी जायला तिलाही घाई नसते. माझी मोटर सुरू झाली की थांबायची नाही.

ह्यांच्या टोकनांनी ही घडी अशी काही विस्कटली की विचारू नका. टोकन एक, गहू. टोकन दोन, नाचणी. टोकन तीन, खाडीकडच्या गावातून आलेली एक काकू, डोक्यावर तांदळाची गोणी.

"तीन नंबर!" हे कचेरीच्या आवाजात ओरडले.

काकू जागची हलली नाही. "आगो बाय, माजा तांदूल नाचनीचे मागं टाकतं काय? भाकरी काली होल ना!"

"नंबरप्रमाणेच घ्यावं लागेल. नियम म्हणजे नियम."

"मंग तुजा नियमच दल," काकू म्हणाली, आणि गोणी पुन्हा डोक्यावर चढवून चालू लागली.

मी मोटर बंद केली, जातं उघडून झाडलं, पुन्हा सुरू केलं. पुढचा नंबर गहू, त्याच्या पुढचा बाजरी, पुन्हा गहू. प्रत्येकीसाठी बंद करा, झाडा, सुरू करा. एरवी दुपारपर्यंत संपायचं तेवढं दळण संध्याकाळपर्यंत रखडलं, आणि माझं नवं जोडलेलं मनगट ठणकायला लागलं. हे मात्र वहीत काहीतरी उतरवत होते. मी टोकनं गोळा केली आणि घरी जाऊन त्यांच्यावर पाणी तापवलं. हे तीन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले, ते मला बरंच पडलं.

पण व्हायचं ते नुकसान झालं होतं. नाताळचं तांदळाचं पीठ, जे दरवर्षी वाड्यांमधून माझ्याकडेच यायचं, ते त्या वर्षी दुसरीकडे गेलं. शेजारच्या घरांतून नाताळच्या फराळाचा वास यायचा आणि मी बंद मोटरीपाशी बसून तो घ्यायचे. वास चांगला होता. त्यामुळेच जास्त राग यायचा.

आणि खरं सांगायचं तर मलाही उभारी येत नव्हती. पूर्वी मी सकाळी आठच्या आत शटर उघडायचे. आता आधी नऊ झाले, मग दहा. एखादी बाई डबा घेऊन आलीच तर मी म्हणायचे, "ठेवा, अजून चार आल्या की सुरू करते." चार यायच्या नाहीत. ती संध्याकाळी डबा तसाच घेऊन जायची. मला वाटायचं, आधी गिऱ्हाईक येऊ दे, मग आपोआप हुरूप येईल. गिऱ्हाइकाला वाटत असणार, आधी हिला हुरूप येऊ दे.

संक्रांतीच्या सुमाराला एक मनुष्य गाळा विचारायला आला. मोबाइलची कव्हरं आणि काचा विकायचा, स्टेशनजवळ त्याचा ठेला होता. ह्यांच्याशी बाहेर उभं राहून बराच वेळ बोलला. रात्री जेवताना हे म्हणाले, "माणूस बरा वाटला. गाळा भाड्याने मागतोय."

मी भात कालवत राहिले.

"मी म्हटलं, मसाल्याच्या दिवसांपर्यंत बघू," हे म्हणाले. "तोवर गिरणी चालली तर चालली. नाहीतर त्याला देऊन टाकू. उगाच जीवाला त्रास कशाला?"

 भांडावंसं वाटलं, पण भांडायला मुद्दा नव्हता. गिरणी चालत नव्हती हे खरंच होतं. गाळ्याचे पैसे पूर्वी ह्यांच्या पगारातून गेले होते हेही खरं होतं. त्या रात्री मी मालिका बघितली नाही, पण सकाळी उठलेही नाही. उठले ते दहालाच.

त्यानंतर आठवडाभराने मावशी आल्या. मावशी म्हणजे गल्लीच्या टोकाला ज्यांची वाडी आहे त्या, निवृत्त शाळामास्तरीण. घरी त्यांची स्वतःची वेगळी बोली, जी मला इतक्या वर्षांत निम्मीच समजते. माझ्याशी मात्र त्या वर्गात शिकवल्यासारखं मराठी बोलतात. मोठ्या कुटुंबातल्या थोरल्या, त्यामुळे मावशींचा मसाला ज्या कांडपावर जातो तिथे सगळ्या वाड्यांचा मसाला जातो. त्या दिवशी त्या दळणाला आल्या नव्हत्या. देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून, मिस्सेची प्रार्थना आटपून घरी चालल्या होत्या आणि मला बाकावर बसलेली बघून थांबल्या.

"गिरणी बंद केलीस काय?"

"बंद कुठे? उघडीच आहे की."

"मग आवाज का नाही?"

"दळणच नाही मावशी. दळण आलं की सुरू करणार."

मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेसमोर मला गृहपाठ विसरल्यासारखं झालं. "अगं, मी स्वयंपाकघरात असते. तुझी गिरणी घुरघुरली की मला आठवतं, पीठ संपलंय, डबा पाठवायचा आहे. सगळ्यांचं तसंच. आता आवाज नाही म्हणून आठवत नाही, आणि आठवतं तेव्हा घरात पाकीट आलेलं असतं. आम्ही काय रोज उठून बघायला येऊ, तू उघडलीस का ते?"

"पण रिकामी गिरणी चालवत नाहीत मावशी. दगडावर दगड घासतो."

"रिकामी कशाला? तुझ्या घरात कुणी जेवत नाही?"

एवढं बोलून त्या निघून गेल्या. मला राग आला. मावशींचा नाही, इतकी वर्षं गिरणीत बसून हे आपल्याला सुचलं नाही याचा. गिरणीत बसलेल्या माणसाला गिरणीचा आवाज ऐकूच येत नाही. तो बाहेरच्यांसाठी असतो.

दुसऱ्या दिवशी मी आठच्या आत शटर वर केलं आणि घरचा गहू टाकला. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी तांदूळ. चौथ्या दिवशी ज्वारी. मन लागो न लागो, कुणी येवो न येवो, सकाळी माझी गिरणी घुरघुरलीच पाहिजे असं ठरवून टाकलं. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मोटर सुरू झाली की हात आपोआप चालायला लागतो. पिठाची धार सुरू झाली की अंगठा आपोआप तिच्यात जातो, पीठ चिमटीत चोळून बघतो, जरा जाड वाटलं की दुसरा हात चाक आवळतो. या सगळ्याला हुरूप लागत नाही. मी उगीचच त्याची वाट बघत बसले होते.

मात्र घरात जे झालं ते भयंकर होतं. दोन माणसांच्या घरात रोज नवं पीठ! डबे भरले, मग पातेली भरली, मग पिण्याच्या पाण्याचा हंडा रिकामा करून त्यात पीठ भरलं. मी दळलेलं वाया घालवणारी नव्हे. सकाळी थालीपीठ, दुपारी भाकरी, चार वाजता धिरडी, रात्री चपात्या. भाजणी संपवायला चकल्या, बेसन संपवायला लाडू. हे पहिल्या दिवशी म्हणाले, "वा!" चौथ्या दिवशी म्हणाले, "थालीपीठ?" आठव्या दिवशी काहीच न बोलता खाली गेले आणि वडापाव खाऊन आले. वास लपला नाही. "बाहेरचं खाता? घरात एवढं असताना?" असं मी विचारलं तेव्हा ह्यांनी पोटावर हात ठेवून फक्त छताकडे बघितलं.

उरलेलं पीठ मी बिल्डिंगमध्ये वाटायला लागले. ए विंगच्या त्या घरघंटीवालीलाही मुद्दाम वाटीभर दिलं, ज्वारीचं, बारीक. सी विंगच्या वहिनींना दुप्पट दिलं. त्यांचा माझ्या मनगटावर हक्क होता.

बायका हळूहळू यायला लागल्या. आधी खाडीकडची काकू आली. दारातूनच ह्यांचा अंदाज घेतला, हे नाहीत अशी खात्री झाल्यावर गोणी उतरवली. मग वाड्यांमधल्या दोघी-तिघी. घरघंटीवालीही आली, तिच्या यंत्रात ज्वारी तापते म्हणे. मी फार समजूतदारपणे मान हलवली आणि घरी जाऊन मनसोक्त हसले. फेब्रुवारी संपता संपता मला घरचं धान्य टाकायची गरज उरली नाही. ही बातमी ह्यांना सांगितली तेव्हा ह्यांनी देवासमोर दिवा लावला.

पण गहू-तांदूळ एकीकडे आणि मसाला एकीकडे. आमच्याकडे वर्षाचा निकाल मसाल्यावर लागतो. ऊन तापलं, वाड्यांच्या अंगणांत चटयांवर मिरच्या वाळायला लागल्या. मी येता-जाता मावशींच्या अंगणाकडे बघायचे. मिरच्या वाळताहेत, ठीक. पण जाणार कुठे? विचारणं शोभलं नसतं. रोज पहाटे मला जाग यायची आणि मोबाइलच्या कव्हरांनी भरलेला माझा गाळा डोळ्यांसमोर यायचा. गुलाबी, चमचमती, कानवाली कव्हरं. मग मी उठायचे, जाऊन कांडप पुसायचे. ते इतकं स्वच्छ झालं होतं की त्याच्यात तोंड दिसायचं, आणि तोंड काळजीने उतरलेलं असायचं.

मावशी एका सोमवारी आल्या. एकट्या नाही. पुढे मावशी, मागे दोन सुना, त्यांच्यामागे जावा, पुतणसुना, शेजारणी, प्रत्येकीच्या हातात भाजलेल्या मसाल्याचे डबे आणि पिशव्या. या मसाल्यात काय काय पडतं ते प्रत्येक घराचं गुपित असतं, त्यामुळे जी ती आपल्या डब्यावर पदर धरून उभी होती. मावशींनी पाट मागवला, कांडपासमोर ठाण मांडलं आणि म्हणाल्या, "कर सुरू. आणि तिकडे बघ, डब्यात बघू नकोस."

मला खरंच रडू आलं. मिरचीचा खकाणा उठायच्या आधीच आलं, त्यामुळे सबब सांगायचीही सोय नव्हती. मग कांडप सुरू झालं आणि अख्खी गल्ली शिंकायला लागली. जाणारे रिक्षावाले शिंकत होते, शेजारच्या इमारतीतला सातवीचा क्लास शिंकत शिंकतच सुटला, आणि बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. हे सगळ्यांसाठी चहा आणायला घरी गेले. गर्दी बघून ह्यांना पाटी लावावीशी वाटत असणार, पण बोलले नाहीत.

नेमक्या त्या वेळी तो मोबाइलवाला आला. गर्दीतून वाट काढत, नाकाला रुमाल लावून, सरळ माझ्यासमोर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मसाल्याच्या दिवसांपर्यंत म्हणाले होते आणि हा पहिल्याच दिवशी दाराशी! मी कांडप बंद केलं. एवढी शांतता झाली की सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"हे बघा," मी म्हटलं, "डोळे असतील तर बघून घ्या. ही गिरणी चालू आहे. ती आज चालू आहे, उद्या चालू असणार, आणि माझे हातपाय चालताहेत तोवर हा गाळा कुणाला मिळणार नाही. ह्यांनी तुम्हाला काय शब्द दिलाय मला ठाऊक आहे. तो मी मोडला असं समजा. कव्हरं लावायला दुसरी भिंत शोधा!"

"शाब्बास," मावशी पाटावरून म्हणाल्या.

तो माणूस गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा मावशींकडे बघत राहिला. मग त्याने पाठीमागे धरलेला हात पुढे आणला. हातात स्टीलचा डबा होता.

"काकी, मी गहू दळायला आलोय," तो म्हणाला. "गाळ्याचं तर काकांनी मला त्याच दिवशी नाही सांगितलेलं, संक्रांतीला. बोलले, मिसेसची गिरणी आहे, सवालच नाही. मी तेव्हाच दुसरीकडे दुकान घेतलं ना."

कुणीतरी शिंकलं. 

हे तेवढ्यात थर्मास आणि पेले घेऊन आले. त्यांनी त्या माणसाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि दारातच थांबले.

"तुम्ही या माणसाला संक्रांतीलाच नाही म्हणाला होतात?" मी विचारलं.

"हो."

"मग मला ते मसाल्याच्या दिवसांपर्यंत वगैरे का सांगितलंत? किती रात्री मला झोप नाही, ठाऊक आहे?"

"तू उठतच नव्हतीस," हे म्हणाले. मग बायका ऐकताहेत म्हणून आवाज खाली आणला, तरी सगळ्यांना ऐकू आलं. "दहा दहा वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस. मला भीती वाटायला लागली होती गं."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला नियम सांगितले, बातम्या सांगितल्या, माझ्या स्वयंपाकातल्या चुका सांगितल्या. भीती वाटते असं कधी सांगितलं नव्हतं. मला भांडायचं होतं, शब्दही तयार होते. पण मी त्या माणसाचा डबा घेतला, गहू गिरणीत ओतला आणि मोटर सुरू केली. ह्यांनी पेला भरून माझ्या हातात दिला. घाईत साखर घालायला विसरले होते. मी सगळा चहा प्यायले आणि त्याबद्दल आजपर्यंत बोललेले नाही.